पहिलवानांचे निम्मे पत्ते

लग्नानंतर सासरी निघाले, जीप सुरू झाली, तेवढ्यात शेजारची शबाना धावत आली. ओटीतल्या तांदळावर पत्त्यांची चवड ठेवून म्हणाली, "निम्मे तुझे, निम्मे माझे. पुरा डाव जमल्याबिगर कुणीच खेळायचं न्हाई." शेजारी आई रडत होती. पत्ते दिसल्याबरोबर तिचं रडं थांबलं आणि तिनं शबानाकडं असं काही पाहिलं, की भर पाठवणीत मला हसू फुटलं. कुरुंद्याहून मी अशी निघाले, निम्मे पहिलवान पदरात घेऊन.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते पत्ते खेळले असतील. वर उघड्या अंगाचा दांडगा पहिलवान, खाली त्याची उंची, वजन, छाती आणि नंबर. "वजन" म्हटलं की दोघींनी आपापल्या पहिलवानाचं वजन सांगायचं, जिचं जास्त तिनं दुसरीचा पत्ता घ्यायचा. नंबरात मात्र उलटं, एक नंबरवाला सगळ्यांत भारी. हळद शिजायच्या दिवसांत मोठी माणसं कढईपाशी अडकलेली असायची, तेव्हा आमचं फावायचं. आमची बोटं पिवळी, पत्ते पिवळे. आई करवादायची, "पोरीच्या जातीनं उघड्या बाप्यांचे फोटू घेऊन बसायचं व्हय गं?" एकदा तर तिनं दोन-चार पहिलवान कढईखालच्या जाळात घातले. शबाना दोन दिवस आमच्या घरी आली नाही.

आता मी बंगळुरूला. इथं शेजारणीचं नाव मला लिफ्टमध्ये तिच्या पार्सलवर वाचून कळलं. माझा मुलगा पत्ते खेळतो तेही टॅबवर. माझे पहिलवान किचनच्या ड्रॉवरमध्ये, मसाल्याच्या डब्यामागं. दिवाळीला गावी जायचे, पण दोन दिवसांचं जाणं, त्यात पाहुण्यांचा राबता. शबाना त्याच गल्लीत दिलेली, तरी तिच्याशी बोलणं उंबऱ्यातच व्हायचं. पत्त्यांचा विषय मी काढला नाही. ती विसरली असेल, असं मीच ठरवून टाकलं होतं.

यंदा नांदेडला एका लग्नाला आले आणि फोन न करताच वसमतची बस धरली, तिथून गाव. भर दुपारी दार लोटलं. अंगणात हळद वाळत घातलेली, कडेच्या सावलीत पोत्यावर आई मांडी घालून बसलेली. हातात पत्ते. समोर शबाना. माझी बॅग खांद्यावरून कधी घसरली तेही कळलं नाही.

"लाव बीट," आई म्हणाली. मोंढ्याच्या बाजारात हळदीचं बीट निघतं, बोली लावतात, तशी.

"नंबर. सत्तावीस," शबाना म्हणाली.

"माझा तीस. आण इकडं."

इतक्या दिवसांनी आई दिसली, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, नंबरात लहान आकडा जिंकतो."

आईनं दचकून पत्ते पदराखाली घातले. मग मलाच म्हणाली, "काहून? बिटात कमी बोलीवाल्याला माल भेटतो व्हय?"

"राहू दे गं," शबाना हसली. "आमी असंच खेळून राहिलो पहिल्यापासनं. तू गेली तवा काकू जेवतच नव्हत्या. मला काय बोलावं सुचंना, म्हणून पत्ते काढले. आकडेबी याच्यावरच शिकल्या."

मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू? रागही आला. शबानानं शब्द मोडला होता, आणि माझ्या जागेवर माझीच आई बसली होती, जिनं पहिलवान जाळले ती. रोज फोनवर काय करतीस विचारलं की "काय न्हाई, बसले" म्हणणारी ती हीच. ज्या गावासाठी मी तिकडं झुरत होते, ते माझ्या मागं निम्म्या पत्त्यांवर डाव चालवत होतं, तेही चुकीच्या नियमानं. आणि आता माझाच नियम तिथं चुकीचा ठरला होता.

आईनं सरकून पोत्यावर जागा केली. "बस. तुझे कुठंयत?"

"बंगळुरूला."

शबानानं आईकडं पाहिलं. मला एकदम रडू आलं. माझ्याच अंगणात मी रिकाम्या हातानं पाहुणी होऊन बसले होते. घाईनं म्हणाले, "गेल्या गेल्या कुरिअर करते."

आईनं पत्ते पिसायला घेतले. माझ्याकडं न बघता म्हणाली, "पाठवू नगं. तू घेऊन ये."