गॅलरीत गेला की आऊट

आमच्या परळच्या चाळीत क्रिकेटचे नियम विलायतेहून आले नव्हते. ते पहिल्या मजल्यावरून आले होते. अंगणातल्या फरशीवर आखूड टप्प्याचा चेंडू छातीपर्यंत उसळायचा. तो डावीकडे ओढून मारण्याचा मोह कुणालाही व्हावा, पण पहिल्या मजल्याच्या गॅलरीत रातपाळीवरून आलेले गिरणीकामगार दिवसा झोपलेले असत. म्हणून कायदा असा, की चेंडू गॅलरीत गेला की आऊट. अंपायर लागत नसे. मारणाऱ्याने आपणहून बॅट खाली ठेवायची, जिना चढायचा, शिव्या ऐकायच्या आणि चेंडू घेऊन यायचं. पुष्कळ जिने चढल्यावर मी मनगट फिरवून तोच फटका जमिनीलगत मारायला शिकलो.

एवढ्या भांडवलावर मी कॉलेजच्या टीममध्ये शिरलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे कसं बोलायचं, कुठे बसायचं, सगळं दुसऱ्यांचं बघून करत होतो. टीममध्ये निदान काही करून दाखवता येईल असं वाटायचं. मला एका मॅचपुरतं घेतलं होतं. टिकलो तर टिकलो.

कप्तान गिरगावातला, तीन पिढ्या वकिली असलेल्या घरातला. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. सकाळी प्रभातफेरीत तो ‘दिल्लीपुढे वाकणार नाही’ असं इतकं मनापासून ओरडायचा की घसा बसायचा, आणि दुपारी नेटमध्ये त्याच बसलेल्या घशाने मला सांगायचा, “छातीवर बंपर आला की वाकायचं. मारायचा नाही. सभ्य माणूस बंपर सोडून देतो.”

मला दोन्ही पटायचं. शिकलेल्या माणसाचं पटलं नाही तर दोष आपलाच असणार, अशी माझी समजूत होती.

मॅच खेळपट्टीवर अंथरलेल्या काथ्याच्या मॅटिंगवर होती. समोरच्या उंच गोलंदाजाने मला पाहिलं आणि बहुधा माझ्या उसन्या पँटवरून माझी लायकी ठरवली. त्याने पाठोपाठ आखूड टप्पे टाकले. पहिले दोन मी जमिनीलगत सीमेपार पाठवले. असभ्यपणा जमत होता. तिसरा अंदाजापेक्षा जास्त उसळला. बॅटवर नीट बसला, पण हवेत उंच गेला आणि क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून मोकळ्या जागेत पडला. दोन धावा सहज होत्या.

मी बॅट मॅटिंगवर ठेवली आणि चेंडू आणायला निघालो.

“अरे, कुठे चाललास?” समोरून जोडीदार ओरडला.

“आणतो ना,” मी म्हटलं.

चेंडू माझ्या आधी क्षेत्ररक्षकाने उचलला. त्याने तो सावकाश, हसू आवरत यष्टिरक्षकाकडे फेकला आणि मी धावबाद झालो.

तंबूत कप्तानाने शांतपणे विचारलं, “हे काय होतं?”

मी गॅलरी, रातपाळी, जिना, सगळं खरं सांगितलं. त्याने वकिलासारखं ऐकून घेतलं.

“इथे गॅलरी आहे?”

“नाही.”

“पुढच्या मॅचला ये. पण तो फटका पुन्हा दिसला, तर टीम विसर.”

गॅलरीची अडचण होती, फटक्याची नव्हती, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी “हो” म्हटलं.

पुढची मॅच रविवारी होती. मी दुपारभर वाकलो. कधी उकिडवा बसलो, एकदा तर जवळजवळ दंडवत घातला. धावा अकरा झाल्या. कप्तान पाठ थोपटून म्हणाला, “आता बॅट्समन दिसायला लागलास रे.”

गिरणीला सुट्टी म्हणून आमच्या शेजारचे काका मॅच बघायला चालत आले होते. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचे आणि पहिल्या मजल्यावर झोपायचे. तंबूच्या दोरीपाशी त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं.

“कंबर धरली काय रे तुझी?”

“नाही काका,” मी म्हटलं, “टीममध्ये राहिलोय.”