तात्यांची अर्धी ट्यूब

आमच्या अंथुर्ण्याच्या वस्तीवर सर्जेराव तात्यांना नुसतं तात्या म्हटलं तर ते 'हं' करत, आणि डॉक्टर म्हटलं की चप्पल शोधायला लागत. शिक्षण म्हणाल तर साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी. निवृत्त झाले आणि गुरांकडे वळले. माणसांकडे वळले नाहीत, हे आमचं नशीब.

त्यांची विद्या एकच. कुणाच्या गाईची कास सुजली, दुधात गाठी आल्या, म्हणजे आम्ही जिला दगडी म्हणतो ती झाली, की तात्या सडात औषधाची ट्यूब सोडत. टोक धोतराला पुसायचं, सडात घालायचं, अंगठ्यानं दाबायचं आणि अर्धं औषध राखायचं. एकाच गाईवर अख्खी ट्यूब संपवणं त्यांना उधळपट्टी वाटे. उरलेली अर्धी फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी बसे आणि पुढच्या गाईला लागे. विरजण जसं या घरातून त्या घरात जातं, तशी तात्यांची ट्यूब वस्तीभर फिरे. गाई बहुधा बऱ्या होत. नाही झाल्या तर दोष चाऱ्याचा.

एकच गोठा त्यांना बंद होता, तो त्यांचा स्वतःचा. त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "जगाच्या गाई तपासा. माझ्या मैनेच्या कासंला हात लावायचा न्हाय." मैना त्यांनी कालवडीपासून वाढवलेली, पोटच्या लेकीसारखी. तात्यांना हे फार लागे. घरचीच माणसं कदर करत नाहीत, असं ते आमच्या ओट्यावर बसून सांगत आणि मी शेजारधर्म म्हणून मान हलवत असे.

मग द्वारकाबाई भाचीच्या लग्नाला माहेरी, लोणी भापकरला गेल्या, आणि इकडे मैनेच्या एका सडातून जरा फुटकं दूध आलं. गाय आजारी पडल्यावर एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तात्यांनी फ्रिज उघडला. वस्तीवरल्या मानसिंगच्या गाईची उरलेली अर्धी ट्यूब मैनेला गेली. सूज वाढली, तशी नवी ट्यूब गेली, मग त्याहून भारी गेली.

द्वारकाबाई परतल्या तेव्हा सड तांबडालाल झाला होता आणि तात्या मन लावून शेण भरत होते. त्यांना शेण भरताना वस्तीनं कधी पाहिलं नव्हतं.

"हे काय झालं?"

"गोमाशी चावली आसंल," तात्या पाटीतच बघत म्हणाले.

द्वारकाबाईंनी गुरांच्या डॉक्टर अबोली मॅडमना बोलावलं. त्यांनी दुधाचा नमुना बारामतीच्या प्रयोगशाळेत पाठवला आणि तोवर सडात काही सोडू नका म्हणून बजावलं. रिपोर्ट घेऊन त्या आल्या तेव्हा मी मुद्दाम कुंपणापाशी कपडे वाळत घालत होते.

"बुरशी आहे," मॅडम म्हणाल्या. "हा सड कायमचा जाऊ शकतो. बाकीच्या सडांतही पसरू शकते. मला खरं सांगा, कुणी ट्यूब सोडली होती का? अँटिबायोटिकनं बुरशी मरत नाही, उलट तिला रान मोकळं मिळतं. ते चालू राहिलं तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही."

द्वारकाबाई मैनेच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, म्हातारा आता पुन्हा गोमाशी काढणार. मला त्याचा इतका राग आला होता की मी ओला टॉवेल घेऊन कुंपणावरूनच बोलणार होते.

"मी सोडली," तात्या म्हणाले. "आज सकाळी बी एक सोडली."

मग त्यांनी आपणहून कुठली अर्धी कुणाच्या गाईची, टोक कशाला पुसलं, सगळं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला.

मग बुरशीवरचं औषध सुरू झालं. मॅडमनी ते सोडताना आधी सड स्पिरिटनं पुसला, आणि पुसलेला बोळा तात्यांच्या हातात ठेवला. दिवसातून अनेकदा तो सड रिकामा करायचा होता. ते दूध डेअरीला नाही, वासरालाही नाही, लांब खड्ड्यात ओतायचं. द्वारकाबाईंनी तात्यांपुढं बादली ठेवली. "बसा. पिळा." दुखऱ्या सडाला हात लागला की मैना लाथ मारी. तिचा नेम चांगला होता. आम्ही कामं टाकून बघायला जात असू, खोटं कशाला सांगू?

हळूहळू सूज उतरली, दूध निवळलं, पुन्हा तपासलं तेव्हा बुरशी सापडली नाही. त्या सडाचं दूध थोडं कमीच राहिलं, पण सड वाचला. वस्तीवरच्या बायका बघायला जमल्या. कुणीतरी विचारलं, सड वाचवला कुणी?

द्वारकाबाई चेहरा गंभीर ठेवून म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी. लई मोठे डॉक्टर हायेत."

"व्हय का वो तात्या?"

आयुष्यभर या एका वाक्यासाठी दारोदार फिरलेला माणूस बादली खाली ठेवून उभा राहिला.

"न्हाय बायांनो," तात्या म्हणाले. "वाचवला अबोली मॅडमनी. मी बिघडवला व्हता. तुमच्या बी गाई एकदा तपासून घ्या."

द्वारकाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. मग दोघी-तिघींना बाजूला सारून त्यांनी त्याला बसायला स्वतःचा धार काढायचा पाट दिला.