बीआयएला सिल्वांचा आक्षेप

मुदत संपायला चार दिवस उरले होते. सिटी क्लार्कच्या ऑफिसातून सकाळीच फोन आला. "आणखी सात आक्षेप आलेत. सगळी पत्रं शब्द न् शब्द सारखी."

मी ऑन्टारिओतल्या एका शहरात सिटीच्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट विभागात काम करते. एका जुन्या रस्त्यावर बीआयए, म्हणजे बिझनेस इम्प्रूव्हमेंट एरिया, स्थापन करायचं काम माझ्याकडे होतं. कल्पना साधी आहे. रस्त्यावरचे व्यावसायिक थोडा जादा टॅक्स भरतात, आपलं बोर्ड निवडतात आणि तो पैसा त्याच रस्त्यावर खर्च होतो. त्याआधी सिटी जागामालकांना नोटीस पाठवते. साठ दिवसांत, ढोबळमानाने, एक तृतीयांश मालक-भाडेकरूंनी आक्षेप घेतला तर प्रस्ताव बारगळतो.

रस्त्याची अवस्था वाईट होती. आधी फार्मसी गेली, मग बँक. दोन वर्षं मी यासाठी मीटिंगा घेतल्या होत्या आणि आता आक्षेप त्या एक तृतीयांशाच्या अगदी जवळ आले होते.

माझी मॅनेजर लिंडा म्हणाली, "जाऊन एक्स्प्लेन कर. पण आक्षेप मागे घ्या असं कुणालाही म्हणायचं नाही. आपण न्यूट्रल आहोत."

अर्धवट वितळलेल्या बर्फाचा स्लश तुडवत मी पहिल्यांदा हरप्रीतच्या सलूनमध्ये गेले. ती म्हणाली, "दीदी, हमें तो कोई नोटिस मिला ही नहीं. बेकरीवाले सिल्वा अंकल ने कहा, सिटी हमें हटा रही है. तो साइन कर दिया."

मी चमकले. मालकाने नोटिशीची प्रत भाडेकरूला द्यायची, असा कायदा आहे. मी आणखी सहा दुकानांत विचारलं. एकालाही मिळाली नव्हती. बहुतेक मालक दुसऱ्या शहरांत राहणारे. पाकिटं तिकडेच कुठेतरी पडून असणार. पण मीही पोस्टाच्या यादीवर टिक करून मोकळी झाले होते. दुकानात जाऊन एकदाही विचारलं नव्हतं.

शेवटी मी बेकरीत गेले. सिल्वा सत्तरीचे, पोर्तुगीज. त्यांनी मला बसायला सांगितलं, कॉफी दिली.

"आधी माझं दुकान दुसऱ्या रस्त्यावर होतं," ते म्हणाले. "तिथेही इम्प्रूव्हमेंट आली. नवे दिवे, फुलांच्या कुंड्या. मग भाडं वाढलं आणि मला निघावं लागलं. माझी बायको आजही त्या रस्त्याने जात नाही."

मी हातातलं ब्रोशर बॅगेत परत ठेवलं.

"भाडं वाढणार नाही असं मी सांगू शकत नाही," मी म्हणाले. "ते मालकाच्या हातात आहे. पण पैसा कशावर खर्च करायचा ते बोर्ड ठरवतं. बोर्डासाठी भाडेकरूंनाही मत असतं. निवडणुकीला उभंही राहता येतं."

"मला?"

"तुम्हाला."

"आणि मालक नको म्हणाला तर?"

"त्याला विचारावं लागत नाही."

त्यांनी माझ्याकडून नोटीस घेतली आणि चष्मा लावून दोनदा वाचली. मग म्हणाले, "माझं पत्र मी मागे घेणार नाही."

"तो तुमचा हक्क आहे."

"पण सिटी हटवतेय असं मी लोकांना सांगितलं, ते चूक होतं. ते मी दुरुस्त करतो."

ऑफिसात येऊन मी लिंडाला सगळं सांगितलं, माझी चूकही. ती म्हणाली, "नोटिशीच्या प्रती काढ." पुढचे दोन दिवस आम्ही दोघींनी प्रत्येक दुकानात जाऊन नोटीस हातात दिली. प्रश्न आले, तेवढ्यांची उत्तरं दिली. मुदत संपेपर्यंत काही जणांनी आपणहून आक्षेप मागे घेतले.

सोमवारी दुपारी क्लार्कने मोजणी कळवली. प्रस्ताव पाडायला आक्षेप तीनने कमी पडले होते. मी फोन ठेवला, जॅकेट न घालताच पार्किंग लॉटमध्ये गेले आणि थंडी वाजेपर्यंत तिथे उभी राहिले. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

काउन्सिलने बीआयएचा बायलॉ, म्हणजे स्थानिक कायदा, मंजूर केला. बोर्डाच्या निवडणुकीत सर्वांत जास्त मतं सिल्वांना पडली. मीटिंगमध्ये ते माझा प्रत्येक प्रस्ताव बारकाईने वाचतात आणि निम्मे परत पाठवतात. रस्त्याचं त्यात भलंच होतंय.

एक धडा मात्र पक्का झाला. पाकिटावर नाव मालकाचं असतं आणि दुकान दुसराच कुणी चालवत असतो. नोटीस त्याला मिळाली का, हे पोस्ट ऑफिस सांगत नाही. ते त्याच्या काउंटरपाशी जाऊनच विचारावं लागतं.