ठशावरचे दोन अंगठे

संपादकमहाशय, आपल्या ह्या सदरात दर महिन्याला कुणाला ना कुणाला पिंपळाखाली काहीतरी दिसतं आणि मी ते वाचून मनसोक्त हसतो. तेव्हा आज माझंच पत्र पाहून माझे जुने विद्यार्थी हसले, तर माझी तक्रार नाही. उभी हयात मी नाशकात ड्रॉइंग मास्तर म्हणून काढली. एकदा एका कार्ट्यानं वर्गात विचारलं होतं, "मास्तर, भूत कसं काढायचं?" मी म्हटलं, "जे पाहिलं नाही ते काढायचं नाही. बस खाली!" भुताखेतांबद्दल माझं मत एवढंच होतं… अजूनही मी ते बदललेलं नाही. पण एक गोष्ट घडली आहे आणि ती माझ्याच्यानं मिटत नाही.

आमचं एक लहानसं इतिहास मंडळ आहे. भद्रकालीत एका माडीवर खोली, दोन कपाटं, एक सतरंजी. कमिटीतले आम्ही सगळे बिनपगारी. अध्यक्ष वकील आहेत. त्यांना इतिहास फार आवडतो, विशेषतः चहाबरोबर. दोन तरुण सभासद मिठाच्या चळवळीत तुरुंगात गेले, सुटून आले, पण आमच्याकडे काही फिरकले नाहीत. खरं काम करणारे उरलो दोघं — चिटणीस दत्तोपंत आणि मी. त्या वर्षी अध्यक्षांनी हळूच सुचवलं की वर्षभरात नवं असं काही झालेलं नाही, तेव्हा वार्षिक सभेत मंडळ बंद करण्याचा ठराव आणावा, म्हणजे खोलीही मोकळी होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं मात्र तसं नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मंडळ बंद पडलं तर रविवारी मी जायचं कुठे?

अशात त्र्यंबकच्या पुढे, हरसूलच्या रस्त्यावर एक सतीची शिळा असल्याचं कळलं. कोपरात वाकलेला हात, मनगटात चुडा, खाली दोन ओळींचा लेख. रस्त्याचं काम चाललं होतं आणि शिळा नेमकी त्याच्या आड येत होती, म्हणजे तिची खडी होणार हे उघड होतं. मुकादम रहीमभाई नाशकातलेच, भला माणूस. त्यांनी निरोप पाठवला की येऊन काय करायचं ते लवकर करून घ्या. शिळा हलवणं आमच्या आवाक्याबाहेरचं. पण तिचा ठसा घेता आला तर सभेत दाखवायला काहीतरी नवं होतं.

ठसा घेणं हे दोघांचं काम आहे. दगड घासून स्वच्छ करायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशनं ठोकून ठोकून तो खाचाखोचांत उतरवायचा, आणि थोडा सुकला की शाईचा बोळा वरून टिपायचा. उठावाचं ते काळं उमटतं, खोल ते पांढरं राहतं. हे सगळं होईपर्यंत दुसऱ्यानं दगडामागे उभं राहून कागदाची वरची कड अंगठ्यांनी दाबून धरायची. आमच्याकडे हे काम दत्तोपंतांचं. त्यांच्या अंगठ्यांखाली शाई पोचायची नाही, त्यामुळे आमच्या प्रत्येक ठशाच्या माथ्यावर दोन पांढरे टिकले असतात. मी त्यांना चिडवायचो, "चिटणिसांची सही झाली!" काम चालू असताना त्यांच्या तोंडात तंबाखूचा बार असे, त्यामुळे मी काहीही बोललो तरी मागून उत्तर एकच — "हं."

ठरल्याप्रमाणे मी सकाळच्या मोटारीनं पुढे गेलो. दत्तोपंत मागच्या मोटारीनं येणार होते. त्र्यंबकहून पुढे बैलगाडी. रहीमभाई वाट पाहत होते.

"मास्तरसाब, आज मी गडी दुसरीकडे लावतो," ते म्हणाले. "उद्या नाय थांबता येनार. साहेब येनार हाय, त्याच्या आत रस्ता साफ पायजे."

"आज संध्याकाळपर्यंत होईल," मी म्हणालो. ते शिळेच्या मागच्या बाजूला, थोड्या अंतरावर त्यांचा तंबू होता, तिथं जाऊन बसले.

दुपार झाली तरी दत्तोपंतांचा पत्ता नाही. मी एकट्यानंच सुरुवात केली. माघातला वारा, त्यात डोंगराळ मुलूख. पहिला कागद शेतात उडाला. दुसरा अर्धा बसला आणि टरकन फाटला. माझ्याजवळ शेवटचा कागद उरला. तो दगडावर लावला, एका हातानं वर दाबला, दुसऱ्या हातात ब्रश. पण खालच्या लेखाकडे वळावं तर वरची कड सुटायची. लाज वाटते सांगायला, पण मला रडू यायला लागलं. ठशासाठी नव्हे… ह्या वयात एक कागद धरायलासुद्धा आपल्याला कुणी नाही, ह्यासाठी.

आणि कागद वरून ताणला गेला. दोन्ही कोपऱ्यांत, एकसारखा.

"या! आलात एकदाचे," मी म्हणालो.

"हं," मागून आलं.

मी वर पाहिलं नाही. एक तर कागद सुकायच्या आत काम उरकायचं, तिथं मान वर करायला फुरसत कुठली? दुसरं म्हणजे मी जमिनीवर बसलेलो, शिळा माझ्या डोक्याच्या वर, आणि तिच्या माथ्यावरून उतरतं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. पण हायसं वाटलं. इतकं की माझं तोंड सुटलं. आधी अध्यक्षांची टिंगल झाली, मग मोटारवाल्याची. मग काय झालं कोण जाणे, समोर चेहरा नसल्यामुळे असेल — आजवर कुणाला न सांगितलेलं मी सांगून टाकलं. म्हणालो, "दत्तोपंत, हसू नका. मी रोज घराला कुलूप लावताना आत बघून 'येतो' म्हणतो. ही असताना म्हणायचो, ते तसंच राहिलं. उत्तर येत नाही, ठाऊक आहे. पण न बोलता कुलूप लावलं तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं."

मागून जरा वेळानं, अगदी हळू, "हं" आलं.

मला बरं वाटलं. खरं सांगतो, कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. शाई टिपत टिपत मी माथ्यापर्यंत आलो. उन्हामुळे डोळे मिटलेलेच. बोळ्याला काहीतरी मऊ लागलं. सवयीनं म्हणालो, "अंगठे सांभाळा." ठसा पुरा झाला. कागद सोडवून घेतला, सपाट पसरून त्यावर चार दगड ठेवले आणि कंबर धरत उठलो.

दगडामागे कोणी नव्हतं.

मी हाका मारल्या. रहीमभाई तंबूतून उठून आले. "दत्तोपंत कुठं गेले?" मी विचारलं.

त्यांनी तंबूकडे बोट दाखवलं. मग चाचरत म्हणाले, "मास्तरसाब, बुरा मत मानना… मी तिथं बसलोय, तोंड इकडंच हाय. दगडामागं कोन बी आलं नाय. तुम्ही एकटेच बोलत होता. मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला." त्यांनी मला पाणी पाजलं आणि गाडीपर्यंत हाताला धरून नेलं.

रात्री घरी पोचतो तर दत्तोपंत ओट्यावर बसलेले, चेहरा पडलेला. अचानक मुलीला पाहायला पाहुणे आले होते. त्यांना घराबाहेर पडताच आलं नव्हतं. "मास्तर, मला माफ करा. तुमचे हाल झाले असतील," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाही. ठसा चांगला आलाय." 

सभेत ठसा भिंतीवर लावला. चुड्यातलं कांकणन्‌कांकण मोजता येत होतं. अध्यक्ष चहा विसरून उभे राहिले. बंद करायचा ठराव कुणी काढलाच नाही. मग आमच्या शिरस्त्याप्रमाणे दत्तोपंत ठशाखालच्या कोऱ्या पट्टीवर ठसा घेणाऱ्या दोघांची नावं लिहायला बसले. माझं लिहिलं आणि थांबले.

"मास्तर, कागद कुणी धरला होता?"

माथ्यावर दोन पांढरे टिकले होतेच. दत्तोपंतांनी आपले अंगठे त्यांवर ठेवून पाहिले. त्यांचे अंगठे चांगले जाडजूड. टिकले त्यांच्याखाली पार झाकून गेले. "हे माझे नव्हेत," ते पुटपुटले. "बारीक आहेत. बाईमाणसाचे वाटतात."

कोणी म्हणालं, कागदाखाली हवा राहिली असेल. कोणी म्हणालं, दगडालाच खळगे असतील. असतीलही. तपासायचं कसं? शिळेची तोवर खडी झाली होती. वाऱ्याच्या आवाजाला मी "हं" समजलो असेन, हेही मी स्वतःला सांगून पाहिलं आहे.

त्या रात्री मी पेन्सिल घेऊन बसलो. बायकोचा चेहरा आला, नथ आली, कपाळावरचं कुंकूसुद्धा जिथल्या तिथे आलं. हात काढायला घेतले आणि अडलो. फळ्यावर हजारो हात काढलेला मी माणूस. पण तिचे अंगठे कसे होते, ते मला आठवेना. ते हात रोज मला वाढत होते आणि मी ताटाकडे बघत होतो. जे पाहिलं नाही ते काढायचं कसं? ते अंगठे तिचे होते असं मी म्हणत नाही. नव्हते, असंही मला म्हणता येत नाही… आणि हेच जास्त लागतं.

ठशाच्या पट्टीवर दुसऱ्या नावाची जागा अजून कोरी आहे. मंडळ चालू आहे, रविवारी मी जातो. निघताना आत बघून "येतो" म्हणतो. फक्त आता लगेच कुलूप लावत नाही. दारात जरा थांबतो. अजून तरी काही ऐकू आलेलं नाही.