पायाशी

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले तेव्हा नणंदेने खारघरमधल्या एका स्पाचं कूपन हातात ठेवलं. "आता जरा स्वतःचे लाड करून घे," म्हणाली. मला लाडांचाच कंटाळा आला होता, पण नाही म्हणायलाही जोर लागतो, म्हणून गेले.

तिथली बाई चाळिशीची असेल. बोलायच्या आधी मनगटाने कपाळ पुसायची तिला सवय होती. डावा हात आणि छाती चोळायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, हे मी तिला सांगितलं. का, ते तिने विचारलं नाही. "मग आज पायच करते, ताई," म्हणत ती स्टुलावर बसली आणि तिने कोमट तेल घेतलं. तिचे अंगठे तळव्यांवरून सावकाश फिरत होते. मग ते अडखळले आणि थांबले. मी मान उचलून पाहिलं, तर माझी पावलं दोन्ही हातांत धरून ती बसल्या बसल्या झोपली होती.

पायाला मुंग्या आल्या, तरी मी हलले नाही.

थोड्या वेळाने ती दचकून जागी झाली. "बाहेर सांगू नका हां. सकाळपासून पाठ टेकली नाय. तुमचे पाय गार होते, ते गरम झाले आणि माझा डोळाच लागला."

"असू दे. मलाही बरं वाटलं."

तिला ते खरं वाटलं नसावं. ऑपरेशन झाल्यापासून माझ्या उशाशी कुणी ना कुणी जागंच असायचं. मी कूस बदलली तरी "काय होतंय?" म्हणून विचारायचं. माझ्याजवळ बिनघोर झोपलेली ही पहिलीच.