महिनाभर वस्तरा नको
काल कपाट आवरताना दादाच्या डोक्यावर मारायची सलाइनची स्प्रेची बाटली सापडली. त्याने गंगापूर रोडच्या क्लिनिकमध्ये हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं तेव्हा सोबत मीच होते, आणि महिनाभर वस्तरा लावू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. आठव्याच दिवशी बाबा गेले. त्यांच्या दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पायऱ्या तापल्या होत्या, पिंडांच्या भाताचा वास येत होता आणि न्हावी वस्तरा घेऊन बसला होता. दादाने टोपी काढली. पुढच्या लालसर कातडीवर बारीक खुंट दिसत होते. “डॉक्टर नको म्हणालेत,” तो पुटपुटला. काका म्हणाले, “अरे, बापापेक्षा केस मोठे का? येतील की परत!” “हिला विचारा, ही होती सोबत,” दादा म्हणाला. सगळे पुरुष माझ्याकडे वळले. मला आतून काहीच वाटत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघणं थांबवावं, एवढंच हवं होतं. “मला नीट आठवत नाही,” मी म्हणाले. दादा खाली बसला. वस्तरा फिरला तसे रक्ताचे ठिपके उमटले आणि न्हाव्याने ते पाण्याने पुसले. तिथे केस आलेच नाहीत. मैत्रिणी हल्ली भावांच्या ट्रान्सप्लांटसाठी माझा सल्ला घेतात, मी सगळं सविस्तर सांगते. दादाने मात्र मला आजवर काहीच विचारलेलं नाही.