दोष दाताचा

काल सकाळी शेजारची नऊ महिन्यांची ओवी गॅलरीत बसून चपलेचा पट्टा चघळत होती. आज ती आजीच्या मांडीवर मलूल पडली आहे. रात्रीपासून तिला जुलाब होताहेत.

“दात येताहेत गं, पोट बिघडायचंच,” आजी मला म्हणाल्या. “माझ्या चारही पोरांचं असंच झालं होतं.”

मी घरी आले, पण भाजी चिरण्यात लक्ष लागेना. दात हिरडीतून वर येतो, तो पोटात कशाला जाईल? पोटात जातात ते जंतू. हिरड्या शिवशिवतात म्हणून पोर हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि त्याबरोबर तेही आत जातात. पण दात डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो, त्याचं घरभर कौतुक होतं. जंतू कुणी पाहिलाय? त्यामुळे सगळा दोष दातावर टाकून माणसं निर्धास्त होतात. मला मात्र अंदाजावर निर्धास्त होता येत नाही, मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

भाजी तशीच टाकून मी परत गेले. “आजी, जुलाबात अंगातलं पाणी जातं. ओवीनं शेवटची शू कधी केली?”

त्या आठवू लागल्या. आठवता आठवता त्यांचा हात ओवीच्या लंगोटाकडे गेला आणि तिथेच थांबला.

“सकाळपासून शूनं एकही लंगोट भिजला नाही गं,” त्या हळू म्हणाल्या. मग आत वळून त्यांनी सुनेला रिक्षा बोलवायला सांगितलं.

“तूही चल,” त्या चपला शोधत मला म्हणाल्या. “डॉक्टरांनी मला विचारलं, तर मी पुन्हा दातच सांगेन.”